पित्ताची गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, तेवढं चिठ्ठीवर लिहा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

देवगड तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून काउंटरवर सकाळ-संध्याकाळ मीच उभी असते. गणपती तोंडावर आले आहेत. चाकरमानी गावी येतील आणि येताना आईवडिलांसाठी औषधांच्या पिशव्या घेऊन येतील. त्या पिशवीत पित्ताची गोळी हमखास असते. कोणी तिला गॅसची गोळी म्हणतं, कोणी अ‍ॅसिडिटीची. पाकिटावर पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल अशी नावं असतात. पित्ताच्या गोळीच्या नावाचा शेवट ‘प्राझोल’ असला की एकाच कुटुंबातली औषधं समजावीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुरू झालेली ही गोळी पुढे चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं चालू राहते, आणि घरात कोणालाच सांगता येत नाही की ती का सुरू झाली होती. त्याबद्दल हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अर्धवट वाचून कोणी गोळी बंद करू नये. हे औषध वाईट नाही. पोटातल्या जखमांनी रक्ताच्या उलट्या होणारी, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसलेली माणसं पूर्वी मोठ्या संख्येने असत. ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आलं आणि अल्सरच्या उपचाराचं रूपच पालटलं. ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय आणि जे रक्ताची गुठळी होऊ न देणारी अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधं घेतात, ज्यांच्या पोटातून पूर्वी रक्तस्राव झालाय, सांधेदुखीची गोळी ज्या वयस्कांना रोज घ्यावीच लागते, ज्यांच्या अन्ननलिकेला आम्लाने जखमा झाल्या आहेत, त्यांच्यासाठी ही गोळी म्हणजे संरक्षण आहे. त्यांनी ती स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नये. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी एवढंच पाहावं की सोबतची गोळी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल तर नाही ना. या दोन्हींमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ओमेप्राझोलबाबत हा इशारा २००९ सालीच दिला होता. तसं असेल तर गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. बहुतेक डॉक्टर अशा वेळी पॅन्टोप्राझोल देतात.

आता घेण्याची वेळ. चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी’ लिहिलेलं असतं आणि लोक ते मनापासून पाळतात. लावणीच्या दिवसांत आमच्याकडची माणसं पहाटे उठतात, गोळी घेतात, वर कोरा चहा, आणि मळ्यात उतरतात. उकड्या तांदळाची पेज पोटात जाते ती नऊ-दहा वाजता. गोळी उपाशीपोटी घेतली हे खरं, पण ती निम्मी फुकट गेली. पोटाच्या आतल्या अस्तरात आम्ल सोडणारे बारीक बारीक पंप असतात. पोट रिकामं असताना त्यातले बरेचसे निजलेले असतात, अन्न आलं की जागे होतात. ही गोळी जाग्या पंपालाच धरते. त्यासाठी तिचं औषध नेमकं जेवणाच्या वेळी रक्तात असायला हवं, आणि ते रक्तात राहतं जेमतेम एक-दोन तास. म्हणून पेजेच्या अर्धा ते एक तास आधी गोळी घ्यावी. मळ्यात जाणाऱ्याने ती रुमालात बांधून सोबत न्यावी आणि पेज घेऊन माणूस यायच्या सुमारास पाण्याबरोबर घ्यावी. श्रावण सोमवार किंवा एकादशी असेल तर दिवसाच्या पहिल्या फराळाआधी. मी चिठ्ठीवरच्या ‘उपाशीपोटी’ शब्दापुढे पेनाने ‘पेजेआधी अर्धा तास’ असं लिहून देते. डॉक्टरांनीच तसं लिहिलं तर फार बरं होईल.

एकदा पंपाला धरलं की ही गोळी त्याला सोडत नाही. शरीर नवे पंप तयार करतं, तेव्हाच पुन्हा आम्ल सुटू लागतं. त्यामुळे गोळी रक्तातून लवकर निघून गेली तरी परिणाम दिवसभर टिकतो. आणि त्यामुळेच पहिल्या दिवशी पूर्ण आराम पडत नाही, तीन-चार दिवस जावे लागतात. भजी खाल्ली, जळजळ झाली, टाक एक गोळी, असा हिचा वापर चालत नाही. अशा एखाद्या वेळच्या जळजळीला साधं अँटासिड पातळ औषध लवकर लागू पडतं. खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर रोज घेणाऱ्या ब्लडप्रेशरच्या पेशंटांनी मात्र जपावं, त्यात सोडियम भरपूर असतं.

या गोळीवर एक आवरण असतं. औषध स्वतःच आम्लात नासतं, म्हणून पोट ओलांडून आतड्यात गेल्यावरच ते विरघळावं अशी ती सोय. गोळी मोडून, कुटून, पेजेत कालवून दिली की आवरण गेलं आणि औषधही गेलं. ज्या आजी-आजोबांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ, थंड पदार्थासोबत न चावता देता येतात, पण कोणत्या, ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारूनच.

मागच्या पावसाळ्यात एका आजींनी माझ्या काउंटरवर कॅरीबॅग उलटी केली. चार प्रकारच्या गोळ्या होत्या आणि बहुतेक पाकिटं कात्रीने कापलेली, म्हणजे एकीवर नाव अर्धं, दुसरीवर एक्स्पायरीची तारीखच नाही. नीट लावून पाहिलं. एक पॅन्टोप्राझोल ४०. आजींचा हात मोडला होता तेव्हा बाहेरगावच्या एका रुग्णालयातून घरी सोडताना ती दिली होती, दुखण्याच्या गोळ्यांनी पोटाला त्रास होऊ नये म्हणून. दुखण्याच्या गोळ्या पाच दिवसांत संपल्या. डिस्चार्ज कार्डावर त्यांच्यापुढे दिवस लिहिले होते, पित्ताच्या गोळीपुढे काहीच नव्हतं. ती मग दोन पावसाळे चालू राहिली. दुसरी कॅप्सूल रॅबेप्राझोल आणि मळमळीवरचं डोम्पेरिडोन एकत्र असलेली. “ती झिलान मुंबयसून पाठवल्यान,” आजी म्हणाल्या. झील म्हणजे मुलगा. म्हणजे एकाच जातीची दोन औषधं रोज पोटात. तिसरी थायरॉईडची, चौथी रक्तवाढीची लोहाची. चारही सकाळी एकदम, दुधाच्या चहाबरोबर.

“सगळ्यो एकदम घेतल्यार इसराक होणा नाय, गो बाय.”

त्यांचं म्हणणं मला समजत होतं. एकटं राहणाऱ्या माणसाने गोळ्या लक्षात ठेवायच्या तरी कशा? पण चार औषधं एकमेकांच्या वाटेत उभी होती. थायरॉईडची गोळी आणि लोह, दोन्ही अंगात नीट उतरायला पोटात आम्ल लागतं. आम्लच दाबून टाकल्यावर थायरॉईडची गोळी कमी पडू लागते, लोह कमी शोषलं जातं, आणि वर लोहासोबत चहा म्हणजे उरलंसुरलंही वाया. शिवाय थायरॉईडची गोळी आणि लोह यांच्यात निदान चार तासांचं अंतर लागतं. पित्ताच्या गोळीची वेळ बदलून थायरॉईडचा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण पोटातलं आम्ल दिवसभरच कमी असतं. म्हणून ‘प्राझोल’ सुरू केल्यावर किंवा थांबवल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, पुन्हा करून घ्यावी लागते.

मी आजींच्या समोरच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. औषध बंद करणं हे माझं काम नाही, लक्षात आणून देणं आहे. डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं, मुंबईची कॅप्सूल थांबवली, दुसरी हळूहळू कमी केली, टीएसएच करून थायरॉईडचा डोस नव्याने ठरवला. आजी आता बाजारच्या दिवशी येतात तेव्हा पायऱ्या चढताना दम लागत नाही म्हणून सांगतात. त्या सुधारणेत कशाचा किती वाटा, हे डॉक्टरच सांगतील.

‘हळूहळू कमी केली’ हे मुद्दाम लिहिलं. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी एकदम बंद केली की दाबलेलं आम्ल उसळी मारतं. आठ-पंधरा दिवस, क्वचित जास्तही, पूर्वीपेक्षा जोरात जळजळ होते. माणसाला वाटतं, बघा, माझा आजार गेलाच नव्हता, मला ही गोळी जन्माची लागणार. आणि पुन्हा सुरू. खरं तर ती जळजळ आजाराची नसून गोळी सुटण्याची असू शकते. डॉक्टर मग डोस निम्मा करतात, नंतर एक दिवसाआड देतात, मधल्या जळजळीला अँटासिड देतात. साध्या आम्लपित्तासाठी ही गोळी बहुधा चार ते आठ आठवड्यांची असते. त्यापुढे घ्यायची असेल तर तिला कारण हवं, आणि ते कारण पेशंटला ठाऊक हवं.

लांबच्या वापराचे परिणाम भीती घालण्यासाठी सांगत नाही. ते सगळ्यांना होत नाहीत, आणि काहींचा या गोळीशी नेमका किती संबंध आहे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण बी-१२ जीवनसत्त्वाचं सांगायलाच हवं. आमच्याकडे लोक ठामपणे म्हणतात, आम्ही रोज बांगडा-तारली खाणारी माणसं, आम्हाला बी-१२ कशाला कमी पडेल? माशात ते भरपूर आहे, पण प्रथिनांना चिकटून. तिथून ते सोडवायला पोटातलं आम्लच लागतं. दोन-दोन वर्षं ‘प्राझोल’ घेणाऱ्या माणसाच्या ताटात मासा असूनही बी-१२ कमी पडू शकतं. मधुमेहाची मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करते, आणि ही दोन्ही औषधं एकत्र घेणारे माझ्या दुकानात पुष्कळ आहेत. तळपायांना मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं, विशेषतः लघवी वाढवणारी प्रेशरची गोळी सोबत असेल तर; पायात गोळे येतात, हृदयाची लय बिघडते. हाडं मोडण्याच्या वाढत्या शक्यतेबद्दलचा इशारा अमेरिकेत २०१० साली या औषधांच्या माहितीपत्रकात घातला गेला, मॅग्नेशियमचा २०११ साली. आपल्या देशाच्या औषध नियंत्रकांनी २०१९ साली मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा उल्लेख करायला सांगितलं. हे क्वचित होतं, पण लघवी कमी झाली, अंगावर सूज किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना आपण ही गोळी घेतो हे आवर्जून सांगा. पुष्कळ जण सांगतच नाहीत, कारण पित्ताची गोळी त्यांच्या लेखी औषधात मोडतच नाही.

पावसाळ्यातल्या दोन गोष्टी मात्र आपल्या किनाऱ्याच्या खास आहेत आणि त्या कुठे लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत.

पहिली, लेप्टोची गोळी. सिंधुदुर्गात लावणीच्या काळात लेप्टोस्पायरोसिस या चिखलपाण्यातून होणाऱ्या तापापासून बचावासाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं जातं. ते जरूर घ्यावं, त्याने जीव वाचतात. पण घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं की ते अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकतं. छातीच्या मधोमध आग, गिळताना कळ. माणूस येतो आणि गॅसची गोळी मागतो. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, खाऊन झाल्यावर, बसून घ्यावं आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नये. झोपायच्या वेळी तर घेऊच नये. त्याच वेळी अँटासिडचं पातळ औषध, लोह किंवा कॅल्शियम घेतलं तर डॉक्सिसायक्लिन अंगी लागत नाही. मध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

दुसरी, नायटा. दमट हवा, ओले कपडे, मग जांघेत-कमरेला नायटा. त्यासाठी डॉक्टर इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल देतात. महागडं औषध, महिनाभर घेऊनही नायटा हलत नाही, अशी तक्रार येते तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, पित्ताची गोळी चालू आहे का? बऱ्याचदा असते. या कॅप्सूलना विरघळायला आम्ल लागतं, म्हणून त्या भरल्या पोटी घ्यायच्या असतात. आम्ल दाबलेल्या पोटात त्या निम्म्याही लागू पडत नाहीत. आणि पित्ताची गोळी डोम्पेरिडोनवाली असेल तर प्रकरण त्याहून गंभीर आहे. इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यासोबत डोम्पेरिडोनमुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, वयस्कांत जास्तच. पाकिटावर नावामागे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असलं की त्यात डोम्पेरिडोन आहे असं समजावं. ते मळमळ-उलटीचं औषध आहे, जळजळीचं नाही. युरोपात २०१४ सालापासून ते साधारण आठवड्याच्या वर देऊ नये असा दंडक आहे. आमच्याकडे ते वर्ष-वर्ष चालतं, आणि शेजारीण शेजारणीला देते.

सतत ‘पित्त’ होतंय म्हणून गोळी घेत राहणाऱ्यांपैकी काहींच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. अल्सरच्या मुळाशी हा जंतू असतो हे दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळालं. त्यावर ठराविक दिवसांचा अँटिबायोटिकांचा कोर्स आहे. पण श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर आधी दोन आठवडे ‘प्राझोल’ थांबवावं लागतं, नाही तर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही. ते कधी थांबवायचं, तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. आणि काही लक्षणं अशी आहेत की गोळी मागायला माझ्याकडे येऊच नये, थेट डॉक्टरांकडे जावं: डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, आणि पंचावन्न-साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं पित्त. छातीवर दडपण, घाम, कळ जबड्यात किंवा हातात जात असेल तर “ह्यो गॅस आसा” म्हणत गोळीची वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा. आमच्या भागात रुग्णालय लांब आहे, वळणाचा रस्ता आहे, त्यामुळे इथे अर्धा तास घालवणं शहरापेक्षा महाग पडतं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगायचं आहे. या गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ आणि चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना छापलेली असते. गिऱ्हाईक ओळखीचं असतं, नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातं, हे मलाही रोज दिसतं. तरी दोन गोळ्या सुट्या कापून देताना निदान नाव आणि तारीख शाबूत राहील असं कापूया, आणि ‘कधीपासून घेताय?’ एवढं विचारूया. उत्तर महिन्यांत आलं तर डॉक्टरांकडे पाठवूया.

चाकरमान्यांना विनंती आहे की गौरी-गणपतीच्या गडबडीत एक दुपार काढा. आईची पिशवी ओसरीवर उलटी करा आणि ‘प्राझोल’ किती प्रकारची निघतात ती पाहा. काहीही फेकू नका, बंद करू नका. सगळी पाकिटं आणि जुने कागद घेऊन तिला डॉक्टरांकडे न्या आणि विचारा, ही कशासाठी, अजून लागते का. मुंबईहून नवीन औषध पाठवायचं असेल तर आधी इथल्या डॉक्टरांना कळवा.

आणि डॉक्टरांकडे, रुग्णालयांकडे एकच मागणी. पित्ताची गोळी लिहिताना तिच्यापुढे दोन गोष्टी मराठीत लिहा: कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. कायमची असेल तर ‘कायम, स्टेंटसाठी’ असं लिहा, म्हणजे कोणी ती चुकून बंद करणार नाही. दुखण्याच्या गोळ्यांपुरती असेल तर ‘दुखण्याच्या गोळीसोबत बंद’ लिहा. डिस्चार्ज कार्डावर डोस आणि वेळेचे रकाने छापलेले असतातच, त्यांच्या शेजारी हे दोन वाढवायला पुढच्या छपाईची वाटही पाहावी लागू नये, रबरी शिक्का करून घेतला तरी चालेल. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कार्डावरच्या त्या दोन ओळी गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक फार्मासिस्ट,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग